पहिला फोटो

“बघ तरी! अगदी माझी भाची वाटते की नाही?” ऑकलंडजवळच्या पापाकुराच्या सिग्नलला गाडी थांबली तसा संपदाने मोबाइल दमयंतीच्या नाकासमोर धरला.

फोटोत दीड वर्षाची सानिका होती. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. सोलापूरच्या एका संस्थेत ती यांची वाट बघत होती. म्हणजे वाट हेच बघत होते, एवढ्याशा पोरीला काय कळतंय! कागदपत्रं झाली होती, बॅगा डिकीत होत्या आणि मराठी मंडळातली मैत्रीण दमयंती तिघांना ऑकलंडच्या विमानतळावर सोडायला निघाली होती. दुसरी मुलगी दत्तक आणायला निघालेल्या संपदाचा आनंद गाडीत मावत नव्हता.

मागे तिचा नवरा सुशील मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याच्या शेजारी सिद्धी, त्यांची थोरली, कानाला हेडफोन लावून. अकरा वर्षांची. तीही त्याच संस्थेतून आलेली, चार वर्षांची असताना. सावळी, लांब हातापायांची, शाळेच्या नेटबॉल टीममध्ये सगळ्यांत उंच. दर वाढदिवसाला तिला आईकडून एकच गोष्ट ऐकायची असायची. “तुझा फोटो आला आणि आम्ही तिथल्या तिथे हो म्हणालो. दुसरा मागितलासुद्धा नाही.” ही गोष्ट तिने वर्गात इतक्यांदा सांगितली होती की मैत्रिणींनाही ती पाठ होती. “तुमच्या आईबाबांना जे झालं ते घ्यावं लागलं. मला निवडलंय,” असं ती ऐटीत म्हणायची.

“खरंच गं, तुमच्याच घरातली वाटते,” दमयंती म्हणाली. “पण मधे दुसऱ्याच एका मुलीचं चाललं होतं ना? सिद्धीने मला फोटोपण दाखवला होता. तिचं काय झालं?”

त्या मुलीला दुसरं घर मिळालं, असं सिद्धीला सांगितलं होतं. तेव्हा ती खूप रडली होती. मग म्हणाली होती, मिळालं ना घर, झालं तर.

संपदाने मागे वळून बघितलं. हेडफोन जागेवर होते. शिवाय बोलणं मराठीत चाललं होतं, आणि सिद्धी तर घरातही इंग्रजीतच उत्तर द्यायची. इंग्रजीत उत्तर देणाऱ्या पोरीला मराठी कळत नाही, अशी या घराची समजूत. इथे आली तेव्हा तिला मराठीशिवाय दुसरं काही येतच नव्हतं, हे दोघंही सोयीस्कर विसरले होते. आणि हेडफोनमध्ये गाणं चालू आहे की नाही, हे कोण बघतं?

“आम्हीच नाही म्हणालो,” संपदा म्हणाली. “गोड होती गं पोर, तसं काही नाही. पण तीही सावळीच. आधीच एकीचं सांगता सांगता नाकी नऊ येतात. मंडळाच्या गणपतीला हमखास कुणीतरी विचारतं, ही कोणावर गेली म्हणून. दोघीही तशाच असल्या तर बोलायलाच नको. आपल्यात शोभायला नको का?”

“संपदा,” सुशील मागून म्हणाला. एवढंच. बायकोला अडवताना त्याची मजल नावापुढे कधी गेली नव्हती.

“अरे, तिला कुठे कळतंय! आणि मी काय वाईट बोलतेय?” उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दमयंतीलाही राहवलं नाही. “मग सिद्धीच्या वेळी? तिला तर तुम्ही लगेच हो म्हणालात ना?”

“तेव्हा?” संपदा हसली. “तेव्हा नाही म्हणता येतं हेच कुठे माहीत होतं आम्हाला!”

दमयंती हसली नाही. तिने गिअर बदलला आणि रस्त्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठे संपदाला आपलं बोलणं जरा जास्त झाल्यासारखं वाटलं. “पण आता आपलीच आहे हं ती,” ती घाईने म्हणाली. “जीव आहे माझा तिच्यावर.” आणि हे खोटं नव्हतं. सिद्धीच्या तापात ती रात्र रात्र जागली होती, तिच्या प्रत्येक मॅचला पावसात छत्री धरून उभी राहिली होती. वाईट वाटतं ते याचंच.

विमानतळावर सुशीलने बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. संपदाने दमयंतीला मिठी मारली. सिद्धी फुटपाथवर उभी होती. हेडफोन आता गळ्यात होते.

“चल गं बाळा, आत खूप गर्दी असेल.”

सिद्धी हलली नाही. “आई,” ती म्हणाली. स्वच्छ मराठीत. “नाही म्हणता येतं का?”

संपदाचा चेहरा खर्रकन उतरला. “ऐकलंस तू? अगं, तसं नव्हतं म्हणायचं मला...”

“येतं का?”

“येतं,” सुशील म्हणाला. खोटं बोलण्याचा त्याला त्या क्षणी वीट आला असावा.

“मग मी नाही म्हणते.”

संपदा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे दोन्ही हात धरले. संपदाला मनातून थोडं हायसंही वाटलं. थोरलीला हेवा वाटेल, ती अडून बसेल, हे सोशल वर्करने आधीच सांगितलं होतं. त्यावरचे उपायही सांगितले होते. ती मायेने म्हणाली, “सानिकाला नाही म्हणतेस होय? अगं, किती लहान आहे ती. तिने तुझं काय वाकडं केलंय?”

“तिला नाही,” सिद्धी हात सोडवून घेत म्हणाली. “तुम्हाला.”