कॉलरवरचे तीन तारे

मनुबाईनं लेकानं लढाईवरून आणलेली लाल पट्टी त्याच्या कोटाच्या कॉलरला शिवली आणि त्याला जवळजवळ ओढतच चावडीवर आणलं. नाथाजी सुभेदार तिथं उद्याच्या दसऱ्याची तयारी बघत बसले होते. लढाई संपून पोरं घरी परतल्यावरचा हा पहिलाच दसरा.

“आवं सुभेदार, उद्याचा पयला इडा माज्या सयाजीला द्या,” मनुबाई म्हणाली. “बर्म्यात जपान्यांचा कप्तान पाडला त्यानं. ही बघा निशाणी.”

मेढ्याकडच्या या फौजी गावात सोनं लुटून झालं की पहिला विडा सर्वांत मोठ्या हुद्द्याच्या माणसाला मिळे. पेन्शनीत आल्यापासून तो मान नाथाजींचा होता. तो गेला तर मागं काय उरणार, दमा आणि दोन म्हशी? पण साध्या शिपायानं कप्तान मारला तर तो कप्तानाच्या वर जातो की शिपाईच राहतो? असा पेच उभ्या नोकरीत त्यांच्यापुढं आला नव्हता.

त्यांनी पट्टी निरखून पाहिली. लाल कापडावर तीन पिवळे तारे. तीन म्हणजे कप्तान, हे खरं. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर दोन होते. पण आपले तारे पितळेचे आणि खांद्यावर, हे गळ्यापाशी कसे?

“कप्तानच हुता का रं?”

“काय म्हाईत, तात्या,” सयाजी खाली बघत म्हणाला. “माज्याच वयाचा हुता.”

नाथाजींनी गुंडाला बोलावणं धाडलं. सिंगापूर पडलं तेव्हा गुंडा पकडला गेला आणि लढाई संपेतोवर जपान्यांच्या कैदेत राहिला. त्यांचे हुद्दे त्याच्याइतके गावात कुणाला ठाऊक असणार?

गुंडा आला. पायरी चढून वर बघतो तो समोर सयाजीची कॉलर. त्याच्या टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले आणि तो कमरेतून वाकला.

“बघा!” मनुबाई म्हणाली. “कप्तान हाय म्हनून तर वाकला!”

नाथाजींनी मनातल्या मनात विड्यावर पाणी सोडलं.

“कप्तान कुठला, मावशी,” गुंडा जमिनीकडं बघतच बोलला. “साध्या जपानी शिपायाची पट्टी हाय ती. त्यांच्यात शिपायालाबी तारं असत्यात.”

“मग वाकलास कशापायी?” नाथाजींनी विचारलं.

“कैदेत त्यांच्या शिपायापुढं समद्यांनीच वाकायचं, तात्या. आमचं सुभेदारबी वाकायचं.”

नाथाजींना काही उमगेना. शिपायाला तीन तारे, आणि त्याच्यापुढं दोन ताऱ्यांचा सुभेदार कमरेत वाकलेला. ज्या उतरंडीच्या भरवशावर त्यांनी हयात काढली, ती कुणीतरी उलटी करून ठेवली होती. रागवावं तर कुणावर, हेही कळेना.

“बरं, सरळ हो आता,” ते म्हणाले.

गुंडा तसाच वाकून राहिला.

“अरं, सयाजी हाय त्यो! आपला सयाजी!”

“कळतंय, तात्या. पर पाठ उठंना. जपानी शिपायानं मान हलवायच्या आदी उठलं की बंदुकीचा दस्ता बसायचा.”

“सीधा खडा हो!” नाथाजी परेडच्या आवाजात गरजले. त्या आवाजावर एके काळी अख्खी कंपनी हलायची. गुंडाची मान तेवढी आणखी खाली गेली. सयाजी नुसता उभा होता.

सुभेदार खांबाला धरून उठले आणि शिपाई सयाजीपुढं त्यांनी हात जोडले.

“मान हलव रं बाबा,” ते म्हणाले. “त्येला उठू दे.”