सरळ केलेला ताशा

सदफचं लग्न झालं ते साल २००४. लग्न आठवड्यावर आलं होतं आणि तिचा बाप मौलाली भोरातल्या घरी मागच्या खोलीत, मुलाच्या कॉम्प्युटरपुढं दोन बोटं उगारून बसला होता.

दोन वर्षांपासून त्याचा हात कापत होता. ताशाच्या काड्या खुंटीला टांगल्या त्या टांगल्याच. पण मार्गासनीच्या कोंडिबाचा निरोप आला होता. कोंडिबा म्हणजे जन्मभर त्याच्या ताशाला ढोलाची साथ देणारा गडी. आता त्याचे डोळे गेले होते. मौलालीच्या हाताचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला आंधळ्याला लग्नात बघायचं काय?" कोंडिबानं कळवलं होतं. "तू वाजवणार असशील तर ढोल घिऊन येतो. न्हाईतर तुझा पुलाव तुलाच लखलाभ."

कोंडिबाच्या ढोलाशिवाय पोरीची वरात निघावी, हे मौलालीच्या मनाला पटतच नव्हतं.

मुलगा झुल्फिकार घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायचा. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये परदेशी ड्रम होते, ताशा नव्हता. एका ड्रमचा सूर चढवत चढवत त्यानं ताशा बनवला. मौलालीनं कान देऊन ऐकलं.

"जाळावर शेकलेल्या कातड्यावानी बोलतंय. घे."

मग छोट्या की-बोर्डच्या दोन पट्ट्या याच दोन काड्या समजून त्यानं सगळी वरात वाजवली. पडद्यावर ठोक्यागणिक एक चौकट उमटत होती. तालाच्या उभ्या रेघांवर मात्र एकही बसत नव्हती. कुणी अलीकडं, कुणी पलीकडं. सगळे ठोके रेघांवर ओढून घेणारं बटण होतं. झुल्फिकारनं ते दाबलं नाही. बापाचं वाजवणं यंत्राकडून सुधारून घ्यायचं, हे त्याला बरं वाटेना.

त्यानं वाजवून दाखवलं. मौलालीनं मध्येच हात वर केला.

"यावर कोंडिबानं ढोल कसा धरायचा? नीट कर की."

"अब्बा, असू द्या. तुमचं हाय ते तसंच ठेवलंय."

"माझं?" मौलाली उसळला. "अरं, हा माझा आजार वाजतोय. माझा ताशा वाजव!"

झुल्फिकारनं बटण दाबलं. चौकटी सरकून रेघांवर बसल्या. कुठं जोर, कुठं हलकं, ते सगळं मौलालीचंच राहिलं. कापरं तेवढं गेलं. मौलालीनं डोळे मिटले. त्याचे खांदे ठेक्यावर हलायला लागले. चुलीपासून त्याची बायको शमीम ओरडली, "अवो, काड्या घेतल्या का काय हातात?"

लग्नाच्या दिवशी टेम्पोत स्पीकर चढवले. ताशा कॉम्प्युटरात भरून ठेवलाय, एवढंच कोंडिबाला सांगितलं.

"कुठंबी बसून वाजव. वाजवणार तूच न्हवं?" असं म्हणून तो टेम्पोतच स्पीकरशेजारी खुर्ची टाकून बसला, ढोल मांडीवर घेतला. ताशा सुरू झाला आणि थोड्याच वेळात ढोल त्यात जाऊन बसला. म्हातारी माणसंसुद्धा नाचली. मौलाली टेम्पोमागून चालत होता, हात पाठीमागं बांधून.

वरात संपली. कोंडिबानं चाचपत मौलालीचा हात हातात घेतला. भर मे महिन्यात तो हात थरथरत होता. मौलालीनं सोडवून घ्यायला पाहिलं. कोंडिबानं सोडला नाही.

"मौल्या," कोंडिबा म्हणाला, "त्या कॉम्प्युटराच्या डब्यात माझं डोळं बी घालून बघ की रं."

दोघं हसत सुटले. नवरीकडची, नवऱ्याकडची माणसं बघत राहिली.

कोंडिबा त्याच साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी वारला. मौलाली पुढच्या वर्षी, रमजानात.