निरोपाची रांग

दहावीच्या निरोप समारंभात प्रत्येक मुलगी गुलाब देऊन बाईंच्या पाया पडत होती. ऋतुजा घोलपने गुलाब टेबलावर टाकला आणि ती ताठ उभी राहिली.

"काय गं घोलप, कंबर धरलीय का?" बाईंनी विचारलं. मागच्या मुली फिदीफिदी हसल्या.

"आत्ताच भाषणात म्हणालात ना, खरं बोलायला कुणाला घाबरू नका? मग ऐका. सहामाहीत मी कॉपी केली नव्हती. तुम्ही वर्गासमोर माझा पेपर फाडलात. तेव्हापासून ह्या सगळ्या मला कॉपीबहाद्दर म्हणतात."

हसणं थांबलं.

"तोंड आवर! चिठ्ठी तुझ्या बाकाखाली सापडली होती."

"बाकाखाली. हातात नव्हती. अक्षर कुणाचं ते पाहिलंत?"

अक्षर बाईंनी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी माईक ओढला. "घोलपचा पेपर मी सगळ्यांसमोर फाडला, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. न तपासता फाडला. मी चुकले."

ऋतुजाचे डोळे भरले, पण मान खाली गेली नाही. "तरी मी पाया पडणार नाही."

"पडूच नकोस," बाई खेकसल्या. "कॉलेजातही अशीच उभी राहा. आता सरक पुढे, रांग खोळंबलीय."