कड्यावरच्या खुणा

आईच्या चांदीच्या दोन कड्यांपैकी एकाच्या काठावर बारीक खुणा होत्या, दुसरं अगदी कोरं. खुणा म्हणजे शिक्का आणि शिक्का म्हणजे अस्सल, असं परस्पर ठरवून ताई आणि मी त्या एकाच कड्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी वैतागून दोघी सराफाकडे गेलो.

त्याने डोळ्याला भिंग लावलं, कडं फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हा शिक्का नाही हो. दात आहेत, बाळाचे. आतून पोकळ, पत्रा पातळ, त्यात भेसळ. चावलं की खड्डा पडणारच. अस्सल ते दुसरं."

ताईने ते कडं त्याच्या हातून काढून घेतलं.

"दात येताना मी आईचा हात सोडतच नव्हते," ताई म्हणाली.

"तू? तुला तर आत्याने वाढवलं. आईच्या कडेवर मी असायचे!"

"तू आलीस म्हणून मला आत्याकडे धाडलं. दात मला त्याआधीच आले होते."

"अहो, चांदी ह्यात आहे, ह्यात!" सराफाने कपाळावर हात मारला आणि कोरं कडं आमच्यापुढे सरकवलं.

ते काचेवर तसंच पडून राहिलं. दातांच्या खुणांचं कडं आम्ही दोघींनी दोन बाजूंनी घट्ट धरलं होतं.