एंटरच्या आधी

वहीतली कमांडची ओळ तिनं अक्षर न् अक्षर जुळवून टाइप केली. वही बाबांची, त्यांच्या ग्रंथालयातल्या कपाटात सापडलेली. पुस्तकयादीच्या बॅकअपची, म्हणजे जुन्या प्रतीची, फाइल मात्र तिनं निवडली होती: आठ महिन्यांपूर्वीची, बाबांच्या कामाच्या शेवटच्या दिवसाची. त्या संध्याकाळी ते घरी पोचलेच नव्हते.

तिनं एंटर दाबलं. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ओळी सरसर धावल्या आणि थांबल्या. मग तिनं ग्रंथालयाची पुस्तकयादी उघडली. तळाशी, ‘नोंद करणारे’ या रकान्यात, बाबांचं नाव. त्याखाली कोरं.

नवी ग्रंथपाल पुस्तकांचा खोका घेऊन आत आली. आठ वर्षं बाबांच्या हाताखाली काढलेली. पडद्याकडे बघून तिनं खोका खाली ठेवला.

“ताई, माझ्या नोंदी कुठे गेल्या?”

“पुसल्या.”

“चुकून?”

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “यादीच्या शेवटी एकदा त्यांचं नाव बघायचं होतं. तुझं नको होतं.”

ग्रंथपालनं खुर्ची ओढली. “काल संध्याकाळचा बॅकअप आहे. तो चढवला की सगळं परत येईल.”

वहीकडे न बघता ग्रंथपालची बोटं चालू लागली. पासवर्डसुद्धा पाठ. घरी बाबा या कामाचा विषयच काढत नसत. “तुला कंटाळा येईल,” म्हणायचे.

ओळ पुरी झाली. ग्रंथपालनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि पडद्यावरची ओळ पुटपुटत वाचली.

“हे काय?”

“सरांची शिस्त. एंटरच्या आधी हात मांडीवर. मी पहिल्यापासून धांदरट, रोज बोलणी खायचे.”

“मला नाही कधी शिकवलं.”

“तुम्हाला कशाला शिकवतील? ‘माझ्या मुलीसारखं जरा दमानं घे,’ हे मलाच ऐकवायचे. आठ वर्षं! इतका राग यायचा मला तुमचा.”

दोघींपैकी कुणीच हसलं नाही. ग्रंथपालनं कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. “तुम्हीच दाबा.”

तिनं बोट एंटरपर्यंत नेलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बाहेर काउंटरवर कुणीतरी पुस्तक आपटलं. कुणीच उठलं नाही. काळ्या खिडकीत ओळ तयार होती, आणि तिच्यामागे, यादीच्या तळाशी, अजून बाबांचं नाव.