सगळं घरचं

पिंपाचं झाकण निघालं आणि कामाला बोलावलेल्या धाकल्याने गमछा नाकावर घट्ट बांधला. आत खतासाठी एकवीस दिवस गुळात कुजत घातलेली बोंबलांची डोकी आणि कोलंबीची सालं होती. वर पिवळा फेस, फेसावर अळ्या. सूर्यकांतराव त्याकडे दुधावरची साय पाहावी तसे पाहत होते.

“रविवारच्या आत सगळं रिकामं कर,” ते म्हणाले. आवाज बसला होता.

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी डहाणूतल्या आपल्या दोन गुंठ्यांत, घराभोवतीच्या उरल्यासुरल्या जागेत हा उद्योग मांडला होता. बाजारची भाजी घरात येता कामा नये, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. वांगी, पडवळ, वाल, अळू, सहा गावठी कोंबड्या. तेल, मीठ, तांदूळ सोडून सगळं घरचं. भेटायला येणाऱ्याला ते हात न धुताच वांगं तोडून देत आणि ते कशावर पोसलंय ते रंगवून सांगत. घेणारा दोन बोटांत धरून नेई.

खरं सांगायचं तर किळस येण्यासारखंच सगळं होतं. कोंबड्यांची शीट दोन्ही हातांनी कालवायची आणि त्याच हातांनी मिशी सारखी करायची. स्वयंपाकघरातला कचरा ते घंटागाडीत जाऊ देत नसत. रोज संध्याकाळी बादली स्वतः उपसायची, सालं, देठं, अंड्यांची पांढरीशुभ्र टरफलं हातांनी चुरायची आणि खड्ड्यात टाकायची.

प्रभाबाईंनी मात्र नवऱ्यापुढे कधी नाक मुरडलं नाही. त्या तलासरीच्या शाळेत शिक्षिका. मशीनमध्ये कपडे नीट निघत नाहीत म्हणून पहाटे उठून मागच्या न्हाणीपाशी, जुन्या टाकीजवळ कपडे धुवायच्या. मग सातची एसटी गाठायची. संध्याकाळी तपासायच्या वह्यांनी फुगलेली पिशवी घेऊन यायचं आणि पदर खोचून ओट्याशी उभं राहायचं. तिथे त्या कुणाला फिरकू देत नसत. ताटात भरलं वांगं पडलं की सूर्यकांतराव बोटं चाटत विचारत, बाजारच्या वांग्याला ही चव येईल का?

“कशी येईल?” प्रभाबाई म्हणत आणि आणखी एक वाढत.

श्रावणात वेलीवरचा भोपळा मुठीएवढा असताना सूर्यकांतरावांनी खिळ्याने त्यावर ‘प्रभा’ असं कोरलं. भोपळा वाढला तशी अक्षरंही वाढली, जखमेवर खपली धरावी तशी खरखरीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाईंचा वाढदिवस होता. आठ किलोंचा तो भोपळा त्यांनी बायकोच्या मांडीवर ठेवला. बाई चक्क लाजल्या. दुसऱ्या दिवशी घारगे झाले. सूर्यकांतरावांनी सहा खाल्ले.

वास सुटला तो त्याच्याही आधी, भाद्रपदात. गोड, चिकट, कपड्यांना लागून राहणारा. शेजारच्या निर्मलाबाईंनी खिडक्या कायमच्या लावून घेतल्या. गणपतीला आलेली सून दीप्ती चार महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन पायरीवरच ओकली. मुलगा विपुल दोनच दिवसांत बायको-मुलीला घेऊन परत गेला आणि दसऱ्यानंतर फोनवर बोलला.

“बाबा, ही घाण आहे तोवर मी तिला तिथे आणणार नाही. भाजी हवी की नात, ते ठरवा.”

नातीची पहिली दिवाळी तोंडावर आली होती. सूर्यकांतरावांनी आठ दिवस विचार केला. जेवणही धड जाईना.

त्यांची बाजू घेणाऱ्या प्रभाबाई एकट्याच. पिंपाचा वास नाही हो हा, खाडीचा असेल, असं त्या निर्मलाबाईंना सांगत, विपुललाही सांगत. कुणाला पटत नव्हतं. पिंपात डोकावलेल्या माणसाला पटणार तरी कसं?

कोंबड्या पाड्यावरच्या जिवलीने नेल्या. पिंप रिकामं झालं, खड्डा बुजला. शेवटी वांग्यांवर वेळ आली. शाळेला निघालेल्या प्रभाबाई वाफ्यापाशी थबकल्या.

“वांगी राहू द्या ना. वास त्यांचा नाही, मी सांगते ना तुम्हाला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी काही बोलायचं होतं, पण एसटीची वेळ झाली होती.

अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं सूर्यकांतरावांना वाटलं, आणि शेवटचं रोप त्यांनी स्वतःच्या हाताने उपटलं.

विपुल यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आवार उघडंबोडकं झालं होतं. सगळीकडे ब्लीचिंग पावडर मारली होती. वास तसाच होता. सूर्यकांतराव पायरीवर बसले आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी नाकाला रुमाल लावला. आपल्याच घराची त्यांना शिसारी आली.

धाकल्या वास घेत घराला वळसा घालून आला आणि मागून त्याने हाक मारली.

“शेठ, पिंपाचं काय नाय. वास इकडून येतो.”

जुन्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी झाकणावर प्रभाबाईंची कपड्यांची बादली पालथी होती. कडेला माश्यांची काळी रांग बसली होती. नळ आल्यापासून ही टाकी कुणी वापरली नव्हती. घूस पडून मेली असेल, सूर्यकांतराव म्हणाले. धाकल्याने बादली सरकवून कडीला हात घातला. झाकण एका हाताने उघडलं, बिजागरी करकरलीसुद्धा नाही.

धाकल्या बाजूला जाऊन ओकला. सूर्यकांतरावांनी श्वास रोखला आणि वाकून पाहिलं. टाकी काळ्या, बुडबुडणाऱ्या लगद्याने अर्धीअधिक भरली होती आणि तो लगदा अळ्यांनी हलत होता. घूस शोधायला त्यांनी बांबू आत घातला. काहीतरी जड लागलं. ते सावकाश वर आलं, उलटलं, आणि अख्ख्या भोपळ्यावरची खपली धरलेली दोन अक्षरं सूर्यकांतरावांना चष्म्याशिवायही वाचता आली.