पेल्याच्या तळाशी

बाबा गेल्यावर मावशींनी त्यांच्या खोलीतली एकूण एक वस्तू धुऊन-पुसून ठेवली. फक्त त्यांचा औषधाचा काचेचा पेला तेवढा धुतला नाही. तो रुमालात गुंडाळून कपाटात, कपड्यांच्या मागे सरकवताना मी त्यांना पाहिलं. बाबांनी उतारवयात लग्न केलेल्या या बाईंवर माझा कधीच विश्वास बसला नव्हता. दुपारी त्यांचा डोळा लागला तसा मी पेला उचलला आणि थेट माझ्या कॉलेजची प्रयोगशाळा गाठली.

तळाशी वाळलेला थर मी आम्लात विरघळवला आणि परीक्षानळ्यांत वाटून घेतला.

"काय गं, कुणाचा खून पकडतेयस?" शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने हसत विचारलं. मी हसले नाही.

शिसं निघालं नाही. पारा नाही, तांबंही नाही. शेवटच्या नळीत थायोसायनेटचा थेंब पडला आणि द्रावण लालभडक झालं. लोह. बाबांसाठी लोहाचं टॉनिक मीच पाठवत होते.

घरी आले तेव्हा मावशी रिकामा रुमाल हातात घेऊन उघड्या कपाटापुढे उभ्या होत्या. मी पेला पुढे केला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, काठावरून हळूच बोट फिरवलं.

"धुतलास?"

मी होकारार्थी मान हलवली.

"त्यांच्या ओठांची खूण होती गं इथे." मग माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनीच माझा हात धरला. "असू दे. तू चांगल्या मनानेच धुतलास ना."